पातळ पुस्तकांचं वर्ष

२०२५ चा जानेवारी परिपत्रक घेऊनच आला. 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' या नावानं १ ते १५ जानेवारी असा वाचन पंधरवडा राज्यभर करायचा होता. सामूहिक वाचन, ग्रंथप्रदर्शन, पुस्तक परीक्षणाची स्पर्धा, लेखकाशी गप्पा, ग्रंथालयाची साफसफाई. भर महाविद्यालयांवर होता, पण सार्वजनिक ग्रंथालयंही त्यात होती. हिमायतनगरात आमचं ग्रंथालय म्हणजे एक मोठी खोली, तिला लागून अभ्यासिका आणि बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्रांचा उतरता टेबल. मी तिथं ग्रंथपाल. माहेर उदगीरकडचं, लग्न होऊन इकडं आले. ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग केला आणि देवघेवीच्या टेबलामागं बसले ती आजतागायत.

लेखक बोलवायला आमच्याकडं पैसा नव्हता. साफसफाई मी आणि शिपाईमामांनी केली. सामूहिक वाचनाला शाळेची लेकरं आली. उरला संकल्प. मी एक पिवळी कार्डशीट आणली, दारासमोरच्या भिंतीला डकवली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : या वर्षी मी इतकी पुस्तकं वाचणार. खाली नावाला एक रकाना, आकड्याला एक.

लोकांना ते आवडलं. चार दिवसांत शीट भरली. अभ्यासिकेतल्या पोरांनी पन्नास लिहिले, त्यांच्या मित्रांनी मग साठ. बँकेत नोकरीला असलेल्या एका बाईंनी बारा लिहिले आणि शेजारी 'महिन्याला एक' असा खुलासाही केला. कापडाच्या दुकानातल्या एका तरुणानं ३६५ लिहिले, ते वाचून सगळे हसले, तोही हसला, पण खोडलं नाही. पुण्याला कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला मी फोटो पाठवला. त्याला यात काही नवल वाटलं नाही. 'गुडरीड्स' नावाच्या संकेतस्थळावर २०११ पासून जगभरातले लोक दर जानेवारीला असाच आकडा टाकतात, वर्षभर ते संकेतस्थळ तुम्ही किती मागं पडलात ते सांगत राहतं, आणि त्यानं स्वतः बावन्न टाकलेत, असं त्यानं कळवलं. म्हणजे हिमायतनगर जगाच्या बरोबरीनं चाललं होतं.

पुढं काय झालं ते शीटवर दिसत नाही. ते देवघेवीच्या नोंदवहीत दिसतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या कपाटांतली पातळ पुस्तकं भराभर बाहेर जायला लागली. थोर पुरुषांची चौसष्ट पानी चरित्रं, यशाचे मंत्र सांगणारी भाषांतरं, एकांकिका, आरोग्याच्या पुस्तिका. एक पोरगा टेबलापाशी येऊन सरळच म्हणाला, "मॅडम, एखादं पातळसं द्या. मोठं घेतलं की महिना खातंय."

त्याला मी रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' दिली. तीही पातळच. आमच्या मराठवाड्यातल्या एका शिंप्याच्या घराची ही कादंबरी १९७१ ची, पारबतीच्या तोंडून सांगितलेली, आणि पानं इतकी कमी की एका बैठकीत व्हावी. पोरानं ती आठ दिवसांनी परत आणली आणि म्हणाला, पातळ होती, पण लवकर होईना. म्हणजे पातळ पुस्तकाशी माझं भांडण नाही. आकडा वाढावा म्हणून कपाटापुढं उभं राहून पाठीची जाडी बघत पुस्तक निवडणं, हे मात्र मी त्या जानेवारीत पहिल्यांदा इतकं उघडं पाहिलं. एरवी आमच्या गावातला वाचक उलट वागतो. वर्गणी दिलीय तर जाडजूड नेऊ, असा त्याचा हिशोब. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'श्रीमान योगी' यांच्या प्रती आमच्याकडं पुन्हा पुन्हा बांधून घ्याव्या लागल्यात, आणि त्या नेणाऱ्यांत शेतकरी आहेत, एसटीचे वाहक आहेत, सातवी झालेल्या बाया आहेत. त्यांना कोणी वर्षाचा आकडा विचारला नव्हता.

वाचकांना तरी मी काय बोलणार? ग्रंथालयंही तेच करतात. आपल्याकडं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. कोणत्या वर्गाला किमान किती पुस्तकं हवीत, किती सभासद, किती दैनिकं, किती नियतकालिकं, हे ठरलेलं असतं आणि वर्गावर अनुदान ठरतं. तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखल नोंदवही उघडतात, शेवटचा दाखल क्रमांक बघतात. त्या क्रमांकाच्या पोटात काय आहे, हे बघायला कोणत्याच तपासणीत वेळ नसतो. मग मार्च जवळ आला, अनुदानाचा हप्ता पडला, की कमी पैशात संख्या भरायची घाई. विक्रेते हे ओळखून असतात. छापील किंमत चढी, सूट भरमसाट, आत मोठ्या टाइपात चाळीस-पन्नास पानं, आणि नाव असं की ते कोणत्याही विषयाखाली मांडता यावं. अशी पुस्तकं मी बऱ्याच गावांतल्या ग्रंथालयांत पाहिली आहेत. पानं चिकटलेलीच असतात, तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसतो. पण दाखल क्रमांक असतो, आणि तपासणीत तो 'श्रीमान योगी'च्या बरोबरीनं मोजला जातो.

ही व्यवस्था बदलणं माझ्या हातात नाही, आणि संख्या मागणाऱ्यांचंही काही चूक आहे असं मी म्हणत नाही. कायदाच नसता तर तालुक्याच्या गावात ही खोलीही नसती. पण भिंतीवरच्या शीटकडं बघताना मला राहून राहून वाटायचं, की आपण लोकांना आपलीच सवय लावली.

फेब्रुवारीत शीटकडं बघणारं कोणी राहिलं नाही. त्याला माणसं आळशी म्हणून कारण नव्हतं. महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते. हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा, आणि वाढोण्याचा परमेश्वर म्हणजे या भागाचं दैवत. पैनगंगेपल्याडून, उमरखेड तालुक्यातून माणसं येतात, भोकर-किनवटकडून रेल्वेनं येतात. त्या दिवसांत ग्रंथालयाच्या ओट्यावर पाहुणे टेकतात, वाचक नसतात. यात्रा उलगडेपर्यंत बारावी-दहावीच्या परीक्षा. ज्यांनी हळद केलीय त्यांची काढणी, शिजवणं, वाळवणं; त्यात घरची सगळी माणसं गुंततात. मग लग्नसराई.

नोंदवहीचं मला त्या वर्षी वेड लागलं. मागच्या वह्या काढल्या आणि महिना-महिना बघत गेले. एका गावाचं वाचनाचं वर्ष त्यात इतकं स्पष्ट दिसतं की कोणी तरी ते आधी वाचायला हवं होतं. मे महिन्यात लेकरांची पुस्तकं जातात, कारण मामाच्या गावाला आलेली लेकरं दुपारी घरात कोंडलेली असतात आणि आजीला झोपायचं असतं. मृग लागला की सगळं थंड. पेरणी, दुबार पेरणीची धाकधूक, खुरपणी, फवारणी. श्रावणात अचानक बाया येतात, पोथ्या मागतात, आणि पोथी नेता नेता शेजारची कादंबरीही नेतात. भाद्रपदापासून सोयाबीन काढणीला येतं. दसरा-दिवाळीत दिवाळी अंकांची झुंबड, आणि मग शेतात सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागली की बायकांची कार्डं पुन्हा कोरी. तूर, हरभरा. आमच्या लातूरकडं मध्येच येळवस येते आणि सगळं गाव शेतात जेवायला जातं. इकडं तिचा तेवढा थाट नाही, पण त्या सुमारास थंडी पडते, रात्री मोठ्या होतात आणि पुरुषमंडळी जाड पुस्तकं नेतात. मार्गशीर्षापासून पौष-माघापर्यंतचे ते दोन-अडीच महिने हा आमच्या गावचा खरा वाचनाचा हंगाम. एक जानेवारी त्या हंगामाच्या पार मध्यात पडतो. पन्नास पुस्तकांचा संकल्प करणाऱ्या माणसाला हाताशी उरलेले असतात जेमतेम पाच-सहा आठवडे, आणि समोर उभे असतात मार्च, एप्रिल, जून.

अभ्यासिकेतल्या पोरापोरींचं वर्ष आणखी वेगळं. त्यांचं वर्ष जाहिरातीवर चालतं. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सकाळी धावणं आणि दिवसभर वस्तुनिष्ठ प्रश्न. ती लांबली की नुसतं बसणं. ही मुलं गावात सगळ्यांत जास्त वाचतात आणि पुस्तकाचा आनंद त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत कमी येतो. तांड्यावरून येणारी एक मुलगी आहे. सकाळी सातला हजर. तिच्या वहीत रोजची पानं लिहिलेली असतात, इतिहास चाळीस, भूगोल तीस. शीटवर तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं लक्ष्याला काय तोटा हाय?"

२०२५ च्या पावसाळ्यानं तर सगळेच हिशोब वाहून नेले. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सप्टेंबरात मराठवाडाभर पुन्हा तेच. सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना कोंब फुटले. त्या दिवसांत नोंदवहीत पानंच्या पानं फक्त वर्तमानपत्र वाचायला आलेल्यांच्या सह्यांची आहेत. लोक पंचनाम्याची बातमी शोधायला यायचे. पिवळी शीट ओल धरून खालून सुटली होती, मी ती काढून ठेवली.

आमच्या घरात वर्षाचं वाचन ठरवून करणारा एकच माणूस आहे, आणि तो ग्रंथालयाचा सभासद नाही. माझे सासरे. आम्ही त्यांना बापू म्हणतो. शाळा चौथीपर्यंत, गळ्यात माळ. बापूंनी आयुष्यात एकूण पुस्तकं वाचली असतील पाच-सहा. ज्ञानेश्वरी, गाथा, हरिविजय, नवनाथ भक्तिसार, अजून एखादी पोथी. पण ज्ञानेश्वरी त्यांनी इतक्या वेळा वाचली आहे की मोजलेली नाही. सप्ताहात पारायण लागतं, सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. हे गणित सोपं नाही, कारण अध्याय सारखे नाहीत. बारावा अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, तेरावा हजारावर जातो आणि एकट्या अठराव्यात अठराशेवर ओव्या आहेत. म्हणून कुठल्या दिवशी कुठवर जायचं हे पिढ्यांनी ठरवून ठेवलंय. ते कोणी नव्यानं ठरवत नाही, कोणी एकटा पाळतही नाही. मांडवात शंभर माणसं एका सुरात वाचतात. ज्याची ओवी हुकली तो शेजारच्याच्या बोटाकडं बघून पुन्हा धरतो. ज्याला वाचता येत नाही तोही बसतो.

श्रावणातल्या पोथीचं याहून घरगुती. एक वाचक, एक सूचक. वाचक ओवी म्हणतो, सूचक तिचा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात आणि मध्येच आपल्या भावकीतला दाखला देतात. समाप्तीचा दिवस आधीच ठरलेला, त्या दिवशीचा स्वयंपाकही ठरलेला. एक पुस्तक, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, सोबत माणसं, आणि शेवटी पुरणपोळी. वाचनाचं लक्ष्य पुरं व्हायला जे काही लागतं ते सगळं यात आहे, आणि शेतीच्या कामात बसेल अशा दिवसांतच ते बसवलंय.

याचं मी उगाच कौतुक करत नाही. पारायणात जीभ पुढं जाते आणि डोकं मागं राहतं, हे बापूही कबूल करतात. पोथी ऐकून उठलेला माणूस सुनेला पुन्हा तसाच बोलतो, हेही मी पाहिलंय. आणि कोणी कोणापुढं बसून काय वाचावं यावर या गावांनी पिढ्यानपिढ्या घातलेली बंधनं विसरण्यासारखी नाहीत. तरीही वर्षाचं वाचन ठरवायची गोष्ट निघाली की मला आकड्यापेक्षा मांडव जवळचा वाटतो.

नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडेंनी २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' चालवलंय, तेही मला याच जातीचं वाटतं. पंचवीस पुस्तकांची एक पेटी एका गटाला मिळते; गटानं ती आपसांत फिरवायची, मग बदलायची. पंचवीसच. आणि आजूबाजूला तीच पुस्तकं वाचणारी माणसं. त्याच्याही शंभर वर्षं आधी सयाजीरावांनी बडोद्यात अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, १९१० साली, आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडं होता. इथं सरकारी शिक्षण उर्दूत, सभेला परवानगी लागायची, आणि मराठी वाचनालय काढणं हेच एक धाडस होतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना वाचन ही खासगी हौस वाटत नाही, त्याचं मूळ तिथं असावं असा माझा तर्क आहे.

दिवाळीनंतर मी दुसरी शीट लावली. पांढरी, कारण पिवळी दुकानात नव्हती. आकड्याचा रकाना काढून टाकला. त्याजागी तीन प्रश्न : कोणतं पुस्तक, कोणासोबत, कधीपर्यंत. मुदत पौषाच्या अखेरीपर्यंतचीच ठेवली. म्हणजे अख्ख्या वर्षाचं बोलायचंच नाही, फक्त या हंगामाचं. पुढचं उन्हाळ्यात बघू.

ही शीट चार दिवसांत भरली नाही. पहिला आठवडा ती कोरीच होती. 'कोणासोबत' या प्रश्नापाशी लोक अडायचे. कापड दुकानातला ३६५ वाला तरुण म्हणाला, "पुस्तक वाचायला सोबत कशाला लागते?" मी म्हटलं, जानेवारीत एकटेच होता ना तुम्ही. तो हसला आणि निघून गेला. शीटवर पहिलं नाव आलं ते अगदी अनपेक्षित.

आमच्या ओट्यावर रोज सकाळी एक चाचा येतात. पंच्याऐंशीच्या पुढचे. निजामाच्या काळात शाळेत घातलेले, म्हणून अक्षरओळख उर्दूची. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली तेव्हा त्यांनी शाळाच सोडली. पुढं दुकानाच्या पाट्या वाचत मराठी शिकले. हैदराबादचा 'सियासत' नातवाच्या मोबाइलवर वाचतात आणि आमच्याकडं मराठी पेपर. त्यांच्या शेजारी बसतात निवृत्त झालेले एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. दोघांचं रोज राजकारणावरून वाजतं. गुरुजींना गझल ऐकायचा नाद, पण शब्द अडतात. चाचांना शब्द येतात, पण मराठी पुस्तक एकट्यानं पुरं करण्याइतकी नजर पळत नाही.

मी त्यांच्यापुढं सेतु माधवराव पगडी ठेवले. पगडी आमच्या लातूरकडचे, निलंग्यात १९१० साली जन्मलेले, हैदराबाद संस्थानात मोठे अधिकारी. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण गालिबवर, इक्बालवर मराठीत लिहिणारेही तेच, आणि आदिलाबादकडं असताना गोंडी नि कोलामी शिकून त्यांवर लिहिणारेही तेच. आमच्या स्टेशनावरून जाणारी गाडी त्याच आदिलाबादला जाते. पगडींचं गालिबवरचं लेखन आणि 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र, दोन्ही कपाटात होतं. तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का फिकट होऊन गेलेला. गुरुजी मोठ्यानं वाचतात, उर्दू शेर आला की चाचा त्यांचा उच्चार दुरुस्त करतात, मग अर्थ सांगतात, मग गुरुजी पगडींचा अर्थ वाचतात, आणि दोन अर्थ जुळले नाहीत की भांडण. पेपर वाचायला आलेली दोन-चार माणसं मध्ये तोंड घालतात. वाचक आणि सूचक, फक्त पोथी वेगळी. दोघांनी ठरवलेल्या तारखेला पुस्तक अर्धंच झालं होतं. मुदत वाढवून द्या म्हणाले. मी दिली. ग्रंथालयाच्या नियमात नूतनीकरण बसतं.

मग इतरांनी नावं टाकली. बँकेतल्या बाई आणि त्यांच्या सासूबाई, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. सासूबाईंना दिसत नाही, सून स्वयंपाक आटोपल्यावर वाचते. सून मला हळूच म्हणाली, लक्ष्मीबाईंचे सासरे आले की आमच्या आत्याबाई फार खूश होतात, स्वतःच्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागतात, आणि त्या गोष्टी मी सोळा वर्षांत ऐकलेल्या नाहीत. अभ्यासिकेतल्या तीन पोरांनी मिळून 'झाडाझडती' घेतली. विश्वास पाटलांची ही धरणग्रस्तांची कादंबरी जाड आहे. त्यातला एक मध्येच भरतीच्या तयारीत अडकला, दुसऱ्याला पुढं जावंसं वाटलं नाही, तिसऱ्यानं पुरी केली. मला हे प्रमाण वाईट वाटत नाही. सोडलेलं पुस्तक परत आणताना पूर्वी पोरं नजर चुकवायची. आता मी विचारते, कुठं सोडलं? बहुतेकांना पान आठवतं, आणि का सोडलं तेही सांगता येतं. पन्नास पातळ पुस्तकांतल्या एकाचंही त्यांना असं सांगता आलं नसतं. तांड्यावरच्या मुलीनं आजही शीटवर काही लिहिलेलं नाही. मात्र भरतीची लेखी झाल्यावर काय वाचू, असं तिनं परवा विचारलं. मी तिला नाव सांगितलं नाही, कपाटं उघडी आहेत म्हटलं.

आता माझं स्वतःचं. ग्रंथपाल दिवसभर वाचतो, असा लोकांचा समज आहे. ग्रंथपाल दिवसभर पुस्तकांच्या पाठी वाचतो. दाखल क्रमांक टाकायचे, वर्गीकरण करायचं, चिठ्ठी डकवायची, फाटलेली बांधायला काढायची, वाळवी बघायची, थकबाकी मागायची. संध्याकाळी घरी गेल्यावर पुस्तक बघवत नाही. या वर्षासाठी मी माझ्यापुरतं एकच नाव लिहिलं, नरहर कुरुंदकर.

नांदेड जिल्ह्यात राहून हे नाव ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही, आणि वाचलं आहे असा सहसा सापडत नाही. व्याख्यानं गाजली, आठवणी गाजल्या. 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना आहे हे लोकांना माहीत असतं, पण कादंबरी वाचणारे बहुतेक जण ती ओलांडून पुढं जातात. जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. शिकायला हैदराबादला मामाकडं, नांदापूरकर सरांकडं गेले. तिथं अभ्यासक्रमाबाहेरचं इतकं वाचलं की इंटरची परीक्षा पुन्हा पुन्हा हुकत गेली. पुढं शाळेत मास्तर, मग नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, शेवटी प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ ला गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. ज्या माणसाचा वाचनामुळं निकाल लागत नव्हता, त्याच्या गावाजवळ बसून मी वाचनाचे निकाल भिंतीवर लावत होते, हे मनात आल्यावर जरा गंमत वाटली.

'जागर' पासून सुरुवात केली. माझी सोबत म्हणजे बापू. त्यांना लोकशाही, धर्मनिरपेक्षता हे विषय कितपत रुचतील अशी शंका होती. रात्री जेवणं झाली की मी चार-पाच पानं वाचते. कुरुंदकर वाचताना एक अडचण येते. ते आपल्या बाजूचा मुद्दा मांडतात असं वाटून आपण मान हलवायला लागतो, आणि पुढच्याच परिच्छेदात ते आपल्यावर उलटतात. बापू कीर्तनं ऐकून तयार झालेले, त्यांना पूर्वपक्ष-उत्तरपक्ष बरोबर कळतो. मला सांगतात, थांब, अजून बुवा समोरच्याचंच बोलायलाय, आपलं बोलला नाही. बऱ्याचदा ते खरं निघतं. काही पानं बापूंना पटत नाहीत, तेव्हा ते सरळ उठून झोपायला जातात. त्या रात्री तेवढंच. घाई नाही. 'जागर' नंतर 'शिवरात्र', मग 'धार आणि काठ'. तेवढ्यावर वर्ष संपलं तरी चालेल. भाच्याला कळवलं तेव्हा त्यानं विचारलं, तीनच? त्याचे बावन्न कुठवर आले ते मी विचारलं नाही.

आता पुन्हा मार्च जवळ आलाय. कार्यकारिणीची बैठक झाली. खरेदीची यादी माझ्याकडं होती. तीत मी 'पाचोळा'च्या पाच प्रती घातल्या, 'स्मृतिचित्रे'च्या चार, 'जागर'च्या पाच. कोषाध्यक्षांनी चष्मा वर केला. "ताई, एकच पुस्तक पाच वेळा? तपासणीत पुस्तकं कमी पडली म्हणजे?"

मी म्हटलं, "भाऊ, पाच प्रतींना पाच दाखल क्रमांक पडतात. नोंदवहीत ती पाच पुस्तकंच मोजली जातात."

त्यांनी नियम दाखवा म्हणून सांगितलं. मी नोंदवही उघडून 'मृत्युंजय'च्या तीन प्रतींचे तीन क्रमांक दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग हसले आणि विक्रेत्याचा नंबर मागितला. सूट कमी मिळेल, अशी त्यांची तक्रार अजून आहे. मिळेलच कमी, ही पुस्तकं भरमसाट सुटीची नाहीत. उरलेल्या पैशांतून संख्येसाठी काही पातळ घ्यावी लागतील, त्याचीही यादी मीच केलीय, आणि तीत एकांकिका घातल्यात, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनाला गुरुजी दर वर्षी त्या मागायला येतात.